सबवूफर: मला बेस ऐकू येत नाही, खालच्या काकूंना मात्र येतो

खर्जातला (डोंबिवली)

मंडळी, एक १० इंची सबवूफर (फक्त बेस, म्हणजे खर्ज वाजवणारा स्पीकर) घरी आल्यापासून आमच्या घरात आणि घराखाली, दोन्हीकडे वातावरण तापलंय. जाणकारांनी जरा बघा.

आमचा तिसरा मजला, इमारत १९९२ सालची. हॉल १४ बाय १० फूट. टीव्ही एका आखूड भिंतीला, समोरच्या आखूड भिंतीला जेवणाचं टेबल, त्यामुळे सोफा दोन्हींच्या मधोमध. जुना एव्ही रिसीव्हर (टीव्हीचा आवाज स्पीकरना वाटून देणारा अ‍ॅम्प) आहे, पुढे दोन छोटे स्पीकर. दिवाळीआधी ओळखीतल्या एकाची बदली झाली, त्याने त्याचा सबवूफर स्वस्तात देऊन टाकला. आत स्वतःचा अ‍ॅम्प, पुढे खाली पोर्टचं गोल भोक, मागे पत्र्याच्या प्लेटवर व्हॉल्यूम, क्रॉसओव्हर (कुठल्या सुरापर्यंतचा खर्ज सबवूफरने वाजवायचा ते ठरवणारं बटण) आणि फेजचा खटका (आवाजाची लाट उलटी करणारा). त्याच्याकडे नऊ वर्षं वापरात होता. टीव्हीच्या डाव्या कोपऱ्यात जेमतेम मावला, सौ.ने त्याच दिवशी त्याच्यावर मनीप्लांटची बरणी ठेवून दिली.

आता रडगाणं. सोफ्यावर बसलं की बेस येतच नाही. येतो, पण पोकळ. म्हणून मी मागचं बटण वाढवत वाढवत घड्याळात तीन वाजतात तिथपर्यंत नेलं. मला अजूनही पुरेसं वाटत नाही, आणि खालच्या काकू आतापर्यंत तीनदा वर आल्या. पहिल्यांदा त्यांनी गोड आवाजात विचारलं, "घरघंटी घेतलीत का?" तिसऱ्यांदा मी त्यांना मोबाइलवरचं डेसिबलचं अ‍ॅप दाखवलं, ५२ आकडा होता. त्या म्हणाल्या, "तुमच्या मोबाइलला माझ्या मांडणीतल्या पातेल्यांची झाकणं ऐकू येतात का?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दुसरं म्हणजे काहीही न लावता सतत "घूंऽऽ" असा आवाज यायचा. इंटरनेटवर कुणीतरी उपाय लिहिला होता की अर्थिंगची पिन तोडा. पिन तोडायला जीव होईना, म्हणून तीन पिनचं दोन पिन करणारं कन्व्हर्टर लावलं. घूं थांबली. पण आता मागच्या पत्र्याला हात लागला की बारीक झिणझिण्या येतात.

आणि आता गेल्या पंधरवड्यापासून मोठ्या आवाजाला "फर्रर्र" असं काहीतरी फडफडतं. हे सुरू व्हायच्या आदल्या रविवारी एक मित्र आला होता, त्याला दाखवायला २० हर्ट्झची एक बेस टेस्ट फुल्ल लावली होती. ऐकू काही आलं नाही, पण स्पीकरचा कोन, म्हणजे पुढचा पडदा, वेड्यासारखा नाचत होता. मग वार्निश तापल्यासारखा वास आला आणि मी घाबरून बंद केलं.

गेला का हा? आणि वापरायचा तरी कसा? अजून एक: बाबांना मागच्या वर्षी पेसमेकर बसवलाय. एवढ्या मोठ्या चुंबकाजवळ ते बसले तर चालतं का?

वायरिंगकाका

आधी ते कन्व्हर्टर काढा. आत्ता. पुढचं नंतर वाचा.

काढलं? ठीक. वीज मंडळात ३४ वर्षं काढली, त्यामुळे माझा सूर जरा चढतो, राग मानू नका. तुमच्या सबवूफरची मागची प्लेट धातूची आहे. उद्या आत फेजची, म्हणजे विजेची चालू तार सुटून त्या पत्र्याला टेकली, तर अर्थिंग असेल तर करंट तिथून निघून जाईल आणि एमसीबी किंवा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) पडेल. अर्थिंग नसेल तर तो पत्रा २३० व्होल्टवर गुपचूप बसून राहील, कुणाचा तरी हात लागेपर्यंत. झिणझिण्या येतात म्हणजे गळती आजच वाट शोधतेय, आणि सध्या ती वाट तुमच्यातून जाते.

घूं आवाजाचं मूळ बहुतेक वेळा केबल टीव्हीच्या तारेत असतं. त्या तारेची जाळी दुसऱ्याच कुठल्या तरी ठिकाणी, कुणाच्या तरी गच्चीवर जमिनीला जोडलेली असते. तुमचा सबवूफर तुमच्या सॉकेटमधून जमिनीला जोडलेला. दोन जमिनी सारख्या नसतात. त्यांच्यातला फरक ऑडिओच्या वायरीतून वाहतो आणि आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्याने तो सबवूफरच्या बरोब्बर तोंडचा घास असतो.

तपासायला सोपं आहे. सेट टॉप बॉक्सच्या पाठीमागची केबलची तार काढा. घूं गेली तर चोर सापडला. त्या तारेत बसवायचा आयसोलेटर (सिग्नल जाऊ देतो, पण जमिनीची जोडणी तोडतो) मिळतो, तो बसवा. नाही गेली तर सबवूफरमागची आरसीए पिन (रिसीव्हरकडून येणाऱ्या ऑडिओच्या वायरीची) काढून बघा. तीही काढून घूं चालूच राहिली, तर दोष खोक्याच्या आत आहे, बहुधा फिल्टरचे कपॅसिटर थकलेत. तेव्हा ते उघडायचं काम घरी करू नका. प्लग काढल्यावरही त्या कपॅसिटरमध्ये बराच वेळ चार्ज राहतो, आणि एसएमपीएस (ट्रान्सफॉर्मरऐवजी वापरतात ते स्विचिंग पॉवर सर्किट) असेल तर तिथे सव्वातीनशे व्होल्ट डीसी असतं. मी एकदा हात घातला होता. एकदाच.

टीव्ही, रिसीव्हर, सबवूफर हे सगळं एकाच बोर्डवर घ्या. आणि १९९२ ची इमारत म्हणताय, तर ओळखीच्या वायरमनला बोलावून हॉलमधली सगळी अर्थिंग बघून घ्या. तीन भोकांचं सॉकेट आहे म्हणजे तिसऱ्या भोकात तार आहेच असं नाही. तो फेज आणि अर्थिंगमध्ये टेस्ट लॅम्प लावेल. न्यूट्रलला लागतो तितकाच लख्ख दिवा लागला पाहिजे. घरात आरसीसीबी असेल तर ती लगेच पडेल, तेही उत्तर चांगलंच आहे.

मे महिन्यात वळवाचा पाऊस सुरू झाला की प्लग भिंतीतून ओढून काढायचा. केबलची तारही. नुसत्या बटणावर भरवसा नको. बटणातल्या दोन पत्र्यांमध्ये काही मिलिमीटरचं अंतर असतं, आणि वीज ढगापासून जमिनीपर्यंत उडी मारून आलेली असते.

शांतताप्रिय

विकून टाका आणि हेडफोन घ्या. काकू खूश, वीज वाचेल, धागा संपेल.

खर्जातला

@शांतताप्रिय, सौ.चंही हेच मत आहे. तुम्ही दोघं ओळखता का एकमेकांना?

@वायरिंगकाका, कन्व्हर्टर काढलं. घूं परत आली. रविवारी केबलचं बघतो.

कॉइलवाला (इचलकरंजी)

राम राम. २६ वर्षं झाली स्पीकर उघडतोय. मिरवणुकीतल्या डॉल्बीच्या १८ इंची बेसपासून घरातल्या सहा इंचीपर्यंत सगळे टेबलावर येऊन गेले. माझ्याकडे जी जळकी कॉइलं (कोन हलवणारी तांब्याच्या तारेची गुंडाळी) येतात, त्यातली बहुतेक स्पीकरच्या दोषाने जळालेली नसतात. मालक चुकीच्या ठिकाणी बसलेला असतो. साहेब, तुमचंही तेच झालंय.

हॉल १४ फूट, म्हणजे सव्वाचार मीटर. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. त्याला खोलीच्या लांबीच्या दुपटीने भागा, ४० येतात. म्हणजे ४० हर्ट्झचा सूर तुमच्या त्या दोन भिंतींमध्ये अडकून उभा राहतो. परातीत पाणी घेऊन ती पुढे-मागे हलवून बघा. दोन्ही कडांना पाणी चढतं-उतरतं, मधलं पाणी पातळी सोडत नाही. भिंतींपाशी बेस लई, मध्यावर जवळपास शून्य. तुम्ही सोफा नेमका त्या मधल्या पाण्यात ठेवलाय. वर सबवूफर कोपऱ्यात, म्हणजे परात सगळ्यात जोरात हलते तिथे. तुमच्या खुर्चीत काही नाही, आणि भिंतीतून, स्लॅबमधून सगळा माल काकूंच्या मांडणीत.

आता बटणाकडे. आवाज कानाला दुप्पट वाटायचा तर ढोबळमानाने १० डेसिबल वाढवावे लागतात, आणि १० डेसिबलला अ‍ॅम्पला दहापट पॉवर द्यावी लागते. नुसत्या ३ डेसिबलला दुप्पट. त्या पॉवरचं होतं काय? कॉइलमध्ये शंभर वॅट घातले तर आवाज होऊन बाहेर जेमतेम एखादा वॅट पडतो. बाकी सगळी शेगडी. तांबं शंभर अंशांनी तापलं की त्याचा रोध चाळीसेक टक्के वाढतो, मग आवाज आपोआप पडतो, मग माणूस बटण अजून फिरवतो, मग ते अजून तापतं. तुम्हाला आलेला वार्निशचा वास हा त्याच शेगडीचा. कॉइलच्या तारेवरचा मुलामा आणि गोंद भाजला की तो वास येतो. दुकानात शिरताना गिऱ्हाइकाच्या हातातल्या खोक्याला तो वास असला, की मी न उघडता सांगतो.

वास येऊन गेला तरी वाजतंय, म्हणजे तुटलेलं नाही. नशीब.

२० हर्ट्झची ती टेस्ट मात्र परत करू नका. पोर्टचं खोकं हे रिकाम्या बाटलीसारखं असतं. तोंडावर फुंकलं की एकच सूर निघतो, तसं ते एका सुराला जुळवलेलं असतं, तुमच्या आकाराचं बहुधा ३० ते ४० हर्ट्झच्या मधे कुठेतरी. त्या सुराच्या खाली गेलात की आतल्या हवेचा कोनला आधार उरत नाही. बैल दावं तोडून सुटतो तसा कोन मोकाट पळतो. आवाज तर येतच नाही, म्हणून माणसाला वाटतं अजून वाढवावा. मग कॉइल मागे जाऊन लोखंडावर आपटतं, टक् टक्. तो टक् टक् ऐकला की एका सेकंदात बंद करायचं, गाणं संपायची वाट बघायची नाही.

"फर्रर्र" कशाचा, ते तुम्हीच शोधू शकता. प्लग काढा. खोकं पाठीवर झोपवा, जाळी काढा. दोन्ही हातांची चार बोटं कोनवर मधल्या टोपीभोवती सारख्या अंतरावर टेकवा आणि कोन सरळ खाली दाबा, हळू, पाच-सहा मिलिमीटर, जास्त नको. सोडा. कान जवळ ठेवा. कागदावर कागद घासल्यासारखी खरखर आली तर कॉइल वाकडं झालंय किंवा फुगलंय. काहीच आवाज नाही, लोण्यासारखं जातंय, तर कॉइल ठीक. एका बाजूने दाबू नका, नाहीतर चांगलंही कॉइल घासेल आणि तुम्ही उगाच घाबराल.

मग कोनच्या कडेची रिंग बघा. रबराची असेल तर अजून बरीच वर्षं जाईल. फोमची असेल तर नऊ वर्षं म्हणजे म्हातारपण, आणि तुमच्याकडे खाडीची दमट हवा. करंगळी हळूच फिरवा. बोटाला काळा चुरा लागला, की उत्तर मिळालं.

आता बसवायचं कसं. हसतील लोक, हसू दे. सबवूफर उचलून सोफ्यावर ठेवा, तुम्ही बसता त्या जागी. बेसगिटार सारखी वरखाली चालणारी एखादी चाल लावा, हळू आवाजात. आणि स्वतः भिंतीकडेने रांगा, कान जमिनीपासून फूटभर. कुठे घुमेल, कुठे गायब होईल. जिथे सगळे सूर सारखे ऐकू येतात, कुठलाच अंगावर येत नाही, ती जागा खडूने खूण करा. सबवूफर तिथे. सोफाही दीड-दोन फूट मागे सरकला तर सोन्याहून पिवळं.

रिसीव्हरमध्ये दोन्ही छोटे स्पीकर "स्मॉल" करा, क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ. मग सबवूफरवरचं क्रॉसओव्हरचं बटण शेवटपर्यंत उघडं ठेवा, नाहीतर दोन गाळण्या एकावर एक बसतात. व्हॉल्यूमचं बटण घड्याळात नऊ-दहा वाजतात तिथे. फेजचा खटका इकडे-तिकडे करून बघा, ज्या बाजूला बेस भरीव तीच बरोबर. "बेस बूस्ट" नावाचं जे काही असेल ते बंद.

मनीप्लांट उतरवा. खोकं एमडीएफचं असतं, म्हणजे लाकडाचा भुसा आणि गोंद. एकदा पाणी प्यायलं की पावासारखं फुगतं आणि परत बसत नाही. लादी पुसताना पोछ्याचं पाणी खालून लागतं तेही तेवढंच वाईट, म्हणून पायांखाली काहीतरी उंची द्या. मागच्या प्लेटला भिंतीपासून चार-पाच इंच हवा लागते, ती तापते. धूळ कोऱ्या मऊ ब्रशने झटकायची. ओलं फडकं नाही, काचेचा स्प्रे नाही, व्हॅक्यूम क्लीनर तर नाहीच, त्याने टोपी आत-बाहेर होते.

आणि पोर्टकडे लक्ष असू द्या. माझ्या टेबलावर पोर्टमधून काय काय निघालंय सांगू? दोन रुपयांची नाणी, खेळण्यातली जीप, एका ठिकाणी सणसणीत वाळलेली पाल, आणि हुपरीच्या एका खोक्यात आतल्या कापसात उंदराची पाच पिल्लं. डोळे मिटलेली. त्या दिवशी काम बंद ठेवलं. मोठ्या भोकांची तारेची जाळी लावा. मच्छरदाणीची नको, तिच्यातून हवा जाताना फुसफुसते.

पेसमेकरचं त्यांच्या डॉक्टरांनाच विचारा, पण मला एका गिऱ्हाइकाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की चुंबक छातीपासून किमान १५ सेंटिमीटर लांब पाहिजे. चार-पाच फुटांवर खुर्ची असेल तर प्रश्न नाही. फक्त सबवूफर छातीशी कवटाळून उचलायचं काम वडिलांना सांगू नका.

तळमजला (पुणे)

मी काकूंच्या बाजूने लिहितेय. माझ्या डोक्यावर तीन वर्षं एक होम थिएटर होतं, आणि पोटापाण्याला मी कारखान्यांमध्ये ध्वनिमापन करते. त्यामुळे त्या ५२ आकड्याबद्दल बोलायचा मला दुहेरी अधिकार आहे.

तुमचं अ‍ॅप डेसिबल-ए दाखवतं. माणसाच्या कानाला बारीक आवाजात खर्ज कमी ऐकू येतो, म्हणून या मापात खालचे सूर मुद्दाम कापलेले असतात. ४० हर्ट्झला किती कापतात? जवळजवळ ३५ डेसिबल. म्हणजे खोलीत ४० हर्ट्झचा चांगला ८० डेसिबलचा घुमारा चालू असेल तर डेसिबल-ए मध्ये तो ४५ दिसतो. त्यात मोबाइलच्या माइकला खर्ज नीट पकडताही येत नाही. अ‍ॅपमध्ये "सी" हा पर्याय असेल तर तो निवडून बघा, तिथे ४० हर्ट्झला फक्त २ डेसिबल वजा होतात. आकडा बघून तुम्ही स्वतःच खाली जाऊन माफी मागाल.

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. निवासी भागात सकाळी ६ ते रात्री १० मर्यादा ५५, रात्री १० नंतर ४५, आणि खाजगी यंत्रणेचा आवाज तुमच्या हद्दीवर त्या मर्यादेपेक्षा ५ हून जास्त वर जाता कामा नये. ही सगळी मापंसुद्धा डेसिबल-ए मधलीच. म्हणजे कागदावर तुम्ही बहुधा सुटाल. जिन्यात सुटणार नाही.

खालच्या घरात तो आवाज म्हणून येतच नाही हो. छातीत धडधडल्यासारखं होतं, कपाटाची काच कुजबुजते, आणि तो कुठून येतोय ते कळत नाही. मी पहिले दोन आठवडे फ्रिज बिघडलाय समजून मेकॅनिक बोलावला होता.

उपाय अर्धा आहे, तो सांगते. पायांतून स्लॅबमध्ये जाणारी थरथर अडवता येते. वॉशिंग मशीनखाली लावतात ते जाड रबरी पाय घ्या, त्यावर कडप्प्याचा एक तुकडा, त्यावर सबवूफर. ओट्याचं काम करणाऱ्याकडे कडप्प्याचे तुकडे पडलेले असतात. टोकदार खिळ्यांचे पाय असतील तर ते काढून टाका, ते थरथर अडवत नाहीत, उलट फरशीत पोचवतात. पण हवेतून जाणारा खर्ज रबराने थांबत नाही, त्याला आवाज कमी करणं आणि वेळ पाळणं एवढंच औषध. रिसीव्हरमध्ये "नाइट मोड" असतो, तो दहानंतर लावा. स्फोट लहान होतात, संवाद तेवढेच राहतात.

तुमच्या कानांसाठी: अमेरिकेच्या नायोश या संस्थेची शिफारस अशी आहे की ८५ डेसिबल-ए आठ तास, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला चार तास, ९१ ला दोन. बेस कानाला टोचत नाही, म्हणून लोक बेससाठी सगळंच वाढवत नेतात आणि वरचे सूर कान खातात.

आणि एकदा काकूंना वर बोलवा. चहा द्या, त्यांना सोफ्यावर बसवा, तुम्ही त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन उभे राहा. फोनवर बोलत बटण फिरवा. आमच्या वरच्यांनी तिसऱ्या वर्षी हे केलं. पहिल्या वर्षी का नाही केलं, देव जाणे.

खर्जातला

अहवाल देतो. रविवार सगळा यात गेला.

वायरमन येऊन गेला. सबवूफरच्या सॉकेटला अर्थिंग ठीक निघाली. टीव्हीच्या बोर्डात मात्र हिरवी तार डब्याच्या आत नीट गुंडाळी करून ठेवलेली, टोकाला टेपसुद्धा लावलेली. १९९२ पासून आम्ही तिच्या भरवशावर राहतोय. ती जोडली. मग केबलची तार काढली आणि घूं जी गेली, ती गेलीच. आयसोलेटर काही घेतला नाही. घरात केबल कोणी बघतच नाही असं त्या निमित्ताने लक्षात आलं, बंद करायला सांगितलं.

मग रांगलो. बाबा खुर्चीत बसून सूचना देत होते, मुलगा व्हिडिओ काढत होता, तो आता सगळ्या नातेवाईकांच्या ग्रुपवर आहे. कॉइलवाले, परातीचं अगदी खरं. रांगायच्या आधी सबवूफर कोपऱ्यातच होता तेव्हा हॉलच्या मध्यावर उभं राहिलं की बेस नाहीसा, आणि जेवणाच्या टेबलापाशी गेलं की पोटात. मी पाच-सहा वेळा नुसता मागे-पुढे चाललो, विश्वासच बसेना. चांगली जागा सापडली लांब भिंतीला, खिडकीच्या अलीकडे, कोपऱ्यापासून चार फुटांवर. सोफा दोन फूट मागे गेला, टेबल भिंतीला चिकटलं, आता जेवायला तिघंच बसू शकतात. बटण तीनवरून साडेनऊला आणलं, आणि खोटं सांगत नाही, पूर्वीपेक्षा जास्त ऐकू येतं.

काकूंना बोलावलं. मी त्यांच्या ओट्यापाशी, त्या माझ्या सोफ्यावर, फोन चालू. साडेनऊला झाकणं गप्प. साडेअकराला एक झाकण बोललं, तेही फक्त इडलीपात्राचं. साडेनऊची खूण मी नेलपॉलिशने करून ठेवली आहे. वर मुलाला सांगून काकूंनी स्वतःच एक जुनं भावगीत लावून घेतलं आणि म्हणाल्या, यात तबला बरा ऐकू येतो हो. कडप्पा मिळाला, रबरी पाय सोमवारी येतील.

आता वाईट बातमी. कोन दाबला, लोण्यासारखा गेला, काही खरखर नाही. पण रिंग फोमची आहे. करंगळी फिरवली तर काजळ घातल्यासारखी काळी झाली, आणि खालच्या बाजूला तीनेक इंच फाटलंय. फर्रर्र तिथून येतोय. झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा एक थेंब लावून भागेल का?

कॉइलवाला (इचलकरंजी)

नाही. तो गोंद वाळला की काचेसारखा कडक होतो आणि त्याच्या शेजारून नवीन चीर जाते. शिवाय आज तीन इंच फाटलं म्हणजे उरलेली रिंगही तेवढीच म्हातारी आहे. पूर्ण रिंग बदलायची. तोवर वाजवू नका. रिंग कोनला मध्यावर धरून ठेवते, ती एका बाजूने सुटली की आज लोण्यासारखं जाणारं कॉइल उद्या घासायला लागेल.

काम अवघड नाही, पण चिकाटीचं आहे. जुना फोम आणि त्याखालचा गोंद खरवडून काढायचा, ते चिकट डांबरासारखं होतं, त्यात अर्धा दिवस जातो. मग मधली टोपी कापून काढायची आणि कॉइल व आतल्या लोखंडाच्या फटीत चारी बाजूंनी फिल्मच्या पट्ट्या सरकवायच्या, म्हणजे कॉइल बरोबर मध्यावर उभं राहतं. मग नवीन रिंग आधी कोनला, नंतर सांगाड्याला. चोवीस तास हात लावायचा नाही. मग पट्ट्या काढून नवी टोपी. शेवटी दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवून बघतो, कोन न घासता पुढे आला की झालं.

कल्याणला किंवा तुमच्याकडे कोणी करत असेल तर तिथेच द्या, कशाला पाठवता. पण टोपी न काढता, पट्ट्या न घालता नुसती रिंग चिकटवून देतो म्हणणारा असेल तर परत या.

खर्जातला

इथे दोघांना विचारलं. एक म्हणाला नवीन घ्या, दुसरा म्हणाला तासाभरात चिकटवून देतो. म्हणजे तुमच्याकडेच पाठवतो. अख्खं खोकं पाठवू की नुसता स्पीकर?

कॉइलवाला (इचलकरंजी)

नुसता स्पीकर. प्लग काढा, खोकं पाठीवर झोपवा म्हणजे स्पीकर तोंड वर करून राहील. स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे ढिले करत जा, आणि परत बसवतानाही तसेच आवळायचे. उचलताना चुंबकाचं वजन ध्यानात ठेवा, स्क्रूड्रायव्हर हातात असेल तर तो आधी बाजूला ठेवा, चुंबक त्याला ओढून थेट कोनमधून आरपार नेतो. मी हे माझ्या पोराला सांगायला विसरलो होतो. लाल वायर कुठल्या पत्तीला होती त्याचा मोबाइलवर फोटो. अ‍ॅम्पच्या बाजूला हात घालायचा नाही. मोकळ्या भोकावर पुठ्ठा चिकटवून टाका, नाहीतर महिनाभरात आत कोणीतरी राहायला येईल.

पॅक करताना कोनवर काही टेकता कामा नये. थर्माकोलची गोल रिंग कापून सांगाड्याच्या कडेवर बसवा, त्यावर पुठ्ठा, मग चुंबकाखाली जाड थर, आणि हे सगळं दुसऱ्या मोठ्या खोक्यात.

आणि घरात जुनी एक्स-रेची फिल्म असेल तर एखादी सोबत टाका. पट्ट्यांना तिच्यासारखं काही नाही, त्या फटीत बरोब्बर बसते. आता सगळे दवाखाने मोबाइलवर फोटो पाठवतात, मला मिळेनाशी झाली आहे.

खर्जातला

बाबांच्या छातीच्या चार आहेत, पेसमेकरच्या आधीच्या. डॉक्टरांना विचारलं, लागणार नाहीत म्हणाले. बाबा म्हणतात पाठवा, पण कुठली कापली ते कळवा.

कॉइलवाला (इचलकरंजी)

कळवतो. चारही टाका.